वाचून दाखवल्याशिवाय नाही

निर्मला मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते जव्हारहून मोखाड्याला निघालेल्या जीपमध्ये. माझ्या मांडीवर लसींचा डबा होता आणि त्याला धक्का लागू नये म्हणून त्या अंग चोरून बसल्या होत्या. ड्रायव्हरने विचारले, "मॅडम, इकडं काय काम काढलं?"

"माणसं कामाने का थकतात, त्याचा अभ्यास करते."

"मग माझ्यापासनं सुरू करा. भरल्याबिगर गाडी हलत नाय, आन् भरली का मलाच बसाया जागा नाय."

सगळ्यांआधी मॅडमच हसल्या. पण मग त्यांनी खरोखरच विचारले, "जेवता कधी?" मोखाडा येईपर्यंत तो बोलतच होता.

डॉ. निर्मला वाघोलीकर विद्यापीठात शिकवतात. काम सुटत नाही आणि मन मात्र कामातून उठलेले, अशा माणसांचा त्या अभ्यास करतात. या वर्षी त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मी दाभोशाच्या शाळेत शिकलेला, आरोग्य खात्यातला साधा कर्मचारी. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातल्या विद्वानांच्या पंक्तीत मला बसवले आहे, म्हणून मला जे ठाऊक आहे तेवढेच सांगतो.

सुरुवातीला मॅडमनी आम्हा सर्वांना सभागृहात बोलावून ताणाविषयी विचारले. पुढच्या खुर्चीत आमचे साहेब, म्हणजे तालुक्याचे आरोग्य अधिकारी, बसलेले. आम्ही एका सुरात म्हणालो, "काही त्रास नाही." दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी सभागृह सोडले आणि आमच्याबरोबर पाड्यापाड्यांतून पायी फिरू लागल्या. फिरतीला निघताना मी गावदेवापाशी क्षणभर बसतो. मॅडम देवाधर्मातल्या नव्हेत, तरी चपला काढून थोड्या अंतरावर बसत. एकदा मी उठल्यावर त्यांनी हळूच विचारले, "आणि तुमची विचारपूस कोण करतं?" इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारले नव्हते.

आमच्याकडच्या एका उपकेंद्रात एक सिस्टर होत्या. त्यांचे नाव मी लिहीत नाही. तिथे मोबाईलला रेंज मिळे ती फक्त मागच्या दाराच्या चौकटीपाशी. म्हणून त्या फोन पिशवीत घालून चौकटीला टांगत आणि दिवसभर त्याच्या आसपास राहत. जेवणही तिथेच. मॅडम दोन दिवस त्यांच्याजवळ बसल्या. तेव्हा सिस्टर बोलल्या, "फोन वाजला की आधी दोनदा वाजू देते, मग मी उचलते. एखाद्या दिवशी उचलणारच नाही, अशी भीती वाटते."

मॅडमनी नाव गाळून हे बोलणे अहवालाच्या मसुद्यात घेतले. पिशवी आणि चौकट मात्र त्यात तशीच राहिली.

मसुद्याच्या प्रती तालुक्याच्या बैठकीत वाटल्या, तेव्हा साहेबांनी नेमके तेच पान उघडले. "फोन उचलणार नाही? एखादी बाई अडली तर? कोण ही सिस्टर?"

साहेबांनी पानावर बोट ठेवले.

"चौकटीला फोन टांगतात, असं उपकेंद्र कोणतं? तुम्हाला सगळ्यांना माहीत असणार."

सगळ्यांना माहीत होते. सिस्टर माझ्या पुढच्याच रांगेत होत्या. त्या कंत्राटी. दरवर्षी त्यांच्या नेमणुकीचा नवा आदेश निघे आणि तो त्याच महिन्यात निघायचा होता. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची मान ताठ होती, पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसत होते. मी मनात गावदेवाचे नाव घेतले.

मॅडम उठल्या. "साहेब, चूक माझी आहे. नाव गाळलं की माणूस सुरक्षित, असं मी समजले. इथे दाराच्या चौकटीवरूनही माणूस ओळखू येतो, हे मला कळायला हवं होतं."

"मग सांगून टाका नाव."

"नाही सांगणार."

"अभ्यासाला परवानगी आमच्या ऑफिसची आहे, मॅडम."

"ती परत घ्या. हा मसुदा मी मागे घेते."

टेबलावरच्या प्रती गोळा करत त्या साहेबांपर्यंत पोहोचल्या. साहेबांनी आपल्या प्रतीवरचा हात काढला नाही. मॅडम हात पुढे करून उभ्या राहिल्या. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, जिला फोन उचलायचाच नाही ती हे कशाला सांगेल? जी रोज उचलते, तिलाच भीती वाटते."

साहेबांनी ते पान पुन्हा वाचले. मग हात काढला.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी सिस्टरांपुढे हात जोडले. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्या ठसक्यात म्हणाल्या, "आधी मला विचारलं असतंत, तर चौकट काढायला सांगितली असती. बोलणं नाही."

विद्यापीठाची मुदत टळली आणि मॅडमना तिकडे बरेच ऐकून घ्यावे लागले. त्याविषयी त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला फोन मात्र येई, "आदेश निघाला का?" निघाला, तेव्हा त्यांनी त्याची तारीख दोनदा विचारून घेतली. पुढे साहेबांनी स्वतःहून त्या उपकेंद्रात आणखी एक सिस्टर देऊन फोनची पाळी लावून दिली, हेही सांगायला हवे.

परवानगी साहेबांनी काढून घेतली नव्हती, म्हणून मॅडम पुन्हा आल्या. या वेळी ज्याचे बोलणे त्याला वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी एकही ओळ तालुक्याबाहेर नेली नाही. आमचा शिपाई ऐकून म्हणाला, "मॅडम, मी एवढा रडलो नव्हतो. थोडं कमी करा." त्यांनी केले.

तोच नियम मी या लेखाला लावला. सिस्टर आता दुसरीकडे कायम झाल्या आहेत. फोन आणि चौकट त्यांच्या परवानगीनेच इथे आली. एक ओळ त्यांनी काढायला लावली, ती काढली. मॅडमनी तर आपल्या कौतुकाचा अख्खा परिच्छेद काढायला लावला. शेवटची प्रार्थना मात्र दोघींनी तशीच राहू दिली: देव निर्मला मॅडमना उदंड आयुष्य देवो आणि त्यांचे गुडघे धड ठेवो. आमचे पाडे चढावर आहेत आणि अजून पुष्कळ जणांना कोणी काही विचारलेले नाही.