शुक्रवारच्या पानावरचे परीक्षक

घरात प्लास्टिकच्या पिशव्या कोणी मुद्दाम जमवत नाही. पण कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात! आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा एका लग्नात शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही त्या वेब सीरिजच्या पानाचं काम बघता ना?" मी एक किस्सा सांगायला म्हणून तोंड उघडलं. पंगत उठली, हॉलवाल्यानं खुर्च्या रचायला घेतल्या, तरी मी बोलतेच आहे!

तर आधी माणसं सांगते. सोलापुरातल्या एका दैनिकात मी पुरवणी बघते. दर शुक्रवारी आमचं एक पान असतं, 'बघावं का?' नावाचं. कुठली नवी सीरिज आली, कुठल्या जुन्या सीरिजचा पुढचा सीझन आला, आणि त्यापायी रविवार घालवावा की नाही, एवढंच त्यात. मुंबई-पुण्याची तयार परीक्षणं उचलायची नाहीत, हा आमच्या संपादकसाहेबांचा हट्ट. "आपल्या माणसाला आपल्याच माणसानं सांगावं!"

आपली माणसं म्हणजे तिघं. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले आराध्ये सर. पूर्व भागात चादरींचं दुकान असलेला श्रीनिवास. घरी तेलुगू बोलतो, म्हणून दक्षिणेकडच्या सगळ्या सीरिज त्याच्याकडे. आणि सुमनवैनी. मूळच्या मंगळवेढ्याच्या, आता जुळे सोलापुरात राहतात. त्यांनी एकदा वाचक म्हणून फोन केला आणि आमच्या एका परीक्षणाची अशी सालं काढली, की साहेब म्हणाले, "ह्यांनाच लिहायला लावा. निदान फोन तरी येणार नाहीत."

*

आराध्ये सरांचं वाचन दांडगं, पण रिमोटशी उभं वैर. सुनेनं नवा टीव्ही घेतला तेव्हा सरांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि एक परदेशी सीरिज बघायला बसले. समुद्रकाठचं गाव, खून, धुकं वगैरे. बघून झाल्यावर सर जे पेटले, ते अर्धं पान लिहून थांबले.

"पडद्यावर न दिसणारी एक निवेदिका प्रत्येक कृती आपल्याला सांगते," सरांनी लिहिलं होतं. "तो दार उघडतो. तो थांबतो. तो खिन्न आहे. संस्कृत नाटकातला सूत्रधार दिग्दर्शकाने एकविसाव्या शतकात जिवंत केला आहे!"

सर असं कुणाला कधी म्हणत नाहीत. आम्ही चौकट करून छापलं.

सोमवारी ऑफिसात फोन आला. पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, मला दिसत नाही. मुलगा पेपर वाचून दाखवतो. ती बाई बोलते ना, ती सोय आमच्यासारख्यांसाठी असते. सेटिंगमध्ये चालू-बंद करता येते. पण सरांना सांगा, आमच्या बाईंचं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं. आभारी आहे!"

मी जपून जपून हे सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "सोय कुणासाठी का असेना. कला ती कलाच."

आणि सेटिंग तसंच ठेवलं! पुढं त्या सीरिजचा दुसरा सीझन आला. सरांचं परीक्षणही आलं. स्टार एकदम खाली. कारण दिलं होतं : "या वेळी निवेदिका बदलली आहे. जुनीच्या 'खिन्न'मध्ये जी आर्तता होती, ती या बाईंच्या 'खिन्न'मध्ये नाही."

*

श्रीनिवास कुठल्याच सीरिजला तीनच्या खाली स्टार देत नाही. मी म्हटलं, "अहो, मागच्या आठवड्यातली तर तुम्हाला झोप आणत होती."

"झोप आली की ओ मॅडम. चांगली आली! पण दुसऱ्याच्या मालाला वाईट म्हणूने. आपणबी दुकान उघडून बसलोय."

हे तत्त्व त्यानं एकदाच मोडलं. सोलापुरात घडणारी एक सीरिज आली होती. सगळं गाव खूश. आपला सिद्धेश्वर तलाव दाखवलाय, आपली भाषा बोललेत! श्रीनिवासचं परीक्षण आलं, तर एक स्टार. आणि लेखात कथेबद्दल फक्त एक ओळ. बाकी सगळं हीरोच्या आईच्या अंगावरच्या चादरीबद्दल. तिची वीण, तिचा काठ, तिचं धुतल्यावर काय होईल.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "श्रीनिवास, चार ओळी तरी कथेवर लिहा की!"

"कथा बरी हाय साहेब," श्रीनिवास म्हणाला. "पण जी बाई सोलापुरात राहून पानिपतच्या मागावरची चादर घेऊलालीय, तिच्या दुःखावर आपण विश्वास कसा ठेवायचा?"

*

याच श्रीनिवासच्या पोटात काही राहत नाही. एका रहस्यमय सीरिजवर त्यानं लिहिलं, "खुनी कोण ते मी सांगणार नाही. ते बघूनच कळायला पाहिजे. पण डॉक्टर चहा प्यायला कधी जातो, तेवढं ध्यानात ठेवा."

आता योगायोग असा, की साहेब स्वतः ती सीरिज बघत होते. घरी, कुटुंबासह, रोज एक भाग. शुक्रवारी सकाळी त्यांच्या मिसेसनी पेपर उघडला. त्या दिवशी साहेब डबा न घेता ऑफिसात आले आणि आल्या आल्या फर्मान काढलं, "यापुढं शेवटाबद्दल एक अक्षर छापायचं नाही! अंदाजसुद्धा येता कामा नये!"

फर्मान सुमनवैनींपर्यंत पोचलं. वैनी फार शिस्तीच्या. पुढच्या शुक्रवारी त्यांचं परीक्षण आलं ते असं : "एका गावात एक माणूस असतो. त्याचं एक असतं. मग त्याचं तसं होतं. मला तर रडू आलं. किंवा हसू आलं असेल, ते सांगत नाही."

मी फोन केला. "वैनी, अहो, शेवट सांगायचा नव्हता. सुरुवात सांगितली तर चालतं की!"

"न्हाय बाई," वैनी म्हणाल्या. "सुरवात कळली की हुशार माणसाला शेवट कळतोय. सायबांच्या घरी परत भांडण नको."

*

हा बारकाच आहे, पण सांगते. अशोक चौकातून एका वाचकाचा फोन यायचा. नाव सांगायचा नाही, फक्त विचारायचा, "या आठवड्यात सरांनी कशाला नावं ठेवलीत?" पान अजून छपाईला गेलेलं नसलं तरी गुरुवारीच विचारायचा. मला वाटलं, सरांचा भक्त दिसतोय.

एका गुरुवारी मी सांगितलं, "या वेळी सरांना सगळंच आवडलंय. तिन्ही सीरिजची स्तुती केलीय."

पलीकडून हताश आवाज आला, "अरे देवा! मग रविवारी आम्ही बघायचं काय?"

*

वैनींचा होर्डिंगचा किस्सा तर सगळ्या जुळे सोलापुरानं पाहिलाय. सासू-सुनांची एक नवी सीरिज आली. वैनींनी लिहिलं, "अशी सीरिज मी जन्मात बघितली नव्हती. परत बघायची माझ्यात ताकद नाही."

पंधरवड्यानं सात रस्ता चौकात मोठ्ठं होर्डिंग लागलं. नटीचा रडका चेहरा, आणि खाली ठळक अक्षरात, "अशी सीरिज मी जन्मात बघितली नव्हती!" त्याखाली सुमनवैनींचं नाव. पुढचं वाक्य गायब!

मी तावातावानं वैनींना फोन केला. "वैनी, ही सरळ सरळ फसवणूक आहे. आपण खुलासा छापू."

वैनी हळूच म्हणाल्या, "माझं नाव केवढं दिसतंय गं?"

"दुरूनसुद्धा दिसतंय."

"मंगळवेढ्याची एस्टी त्याच रस्त्यानं येते का?"

खुलासा राहिला. मंगळवेढ्याहून वैनींच्या दोघी जावा ते बघायला आल्या, होर्डिंगखाली उभ्या राहून फोटो काढले. रस्त्यात कुणी विचारलं, "वैनी, खरंच चांगली हाय का सीरिज?" तर वैनी म्हणायच्या, "आता एवढं मोठं लिवलंय तर बघा की! मी काय उगंच म्हणलेय व्हय?"

दुसरा सीझन आला तेव्हा मी मुद्दाम त्यांनाच दिला. वैनींचं पूर्ण परीक्षण एकाच वाक्याचं होतं, आणि ते वाक्य कसंही तोडलं तरी स्तुतीच निघत होती!

*

आता शेवटचा.

आराध्ये सरांनी एका पोलिसी सीरिजचं परीक्षण केलं. हिंदीतली, नवीकोरी, फार गाजावाजा झालेली. सरांनी ती धुवून वाळत घातली. त्यातला एक परिच्छेद असा होता : "दवाखान्यात टेबलावर ठेवलेल्या प्रेताचं पोट हलताना स्पष्ट दिसतं. दिग्दर्शकाला दिसलं नाही, संकलकाला दिसलं नाही? मृताने निदान मृत असण्याचं काम तरी मन लावून करावं!" ऑफिसात आम्ही तो परिच्छेद एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि भरपूर हसलो.

पुढच्या आठवड्यात दुपारी आमची मीटिंग चालू असताना एक बाई आत आल्या. वयस्कर, नऊवारी, हातात कापडी पिशवी. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीहून एस्टीनं आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी आमचं पान काढलं, टेबलावर पसरलं आणि त्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

श्रीनिवास पंख्याकडे बघायला लागला. साहेबांना अचानक केबिनमधला फोन आठवला.

"का हो मावशी?" सुमनवैनींनी विचारलं.

"त्यो मुडदा माजा पोरगा हाय."

मग बाईच सांगू लागल्या. पोरगा शिवानंद, मुंबईला जाऊन बरीच वर्षं झाली. नट व्हायचं म्हणून गेला. हे त्याचं पहिलं काम.

आराध्ये सर उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं गोरंमोरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "बाई, मी लिहिलंय ते. मला तुमच्या मुलाचा अपमान करायचा नव्हता. मी फक्त..."

"प्वाट हललं म्हून लिवलाय तुमी."

"हो."

"खरंच हललं काय?"

"बाई, मी..."

"सांगा की. तुमी तुमच्या डोळ्यानं बघितला?"

मला वाटलं, आता तरी सर सावरून घेतील. पण सर ते सरच. "बघितलं," ते म्हणाले. "मागं नेऊन परत बघितलं. हललं."

बाईंनी खुर्ची चाचपली आणि मटकन बसल्या. श्रीनिवासनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तो त्यांनी नुसताच हातात धरला.

"गावात सगळ्यांनी मिळून बघितलं ओ," त्या म्हणाल्या. "सगळी म्हणाली, काय काम केलंय पोरानं, खरंच मेल्यागत दिसूलालाय! टाळ्या वाजवल्या. मी तितनं उटून भाईर गेले. त्यो फोन करतोय, यव्वा, मी हाय की, जेवलो की म्हणतोय. माजं मन ऐकंना. डोळं मिटलं की त्ये टेबल दिसतंय. घास उतरंना. कुणाला सांगायचं? लोकं हसतील. मग मास्तरांनी तुमचा पेपर वाचून दाखवला, प्वाट हललं म्हून. सगळी परत हसली. मी तशीच उटले आन एस्टीत बसले."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मला काय दिसलं न्हाई बगा. रडं यायलतं. तेवढंच दाखवा की मला."

मी माझ्या कॉम्प्युटरवर सीरिज लावली. सगळे मागं येऊन उभे राहिले, केबिनमधून साहेबसुद्धा. टेबल आलं. पांढरं कापड आलं. बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

सर वाकून पडद्याकडे पेन दाखवत हलक्या आवाजात सांगत होते, "आता तो डॉक्टर बाजूला होईल. इथं बघा. छातीच्या खाली. थांबा... आता!"

कापड जरासं वर आलं आणि खाली गेलं.

"उसिर!" बाई कानडीत ओरडल्या. मग आमच्याकडे वळून, आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "श्वास! श्वास घेतला त्यानं!"

"घेतला," सर म्हणाले. "परत दाखवू?"

बाईंनी खुर्ची पुढं ओढली, पडद्यावर त्या पोटापाशी तळहात टेकवला आणि मला म्हणाल्या,

"हं. आता लाव."