आतून न उघडणारी पेटी

माझी मोठी बहीण शाळेचे युनिफॉर्म शिवते आणि मुलांसाठी रहस्यकथा लिहिते. दोन्ही एकाच टेबलावर. कापड बेतता बेतता हिला मध्येच एखादा चोर सुचणार, की कात्री तिथेच टाकून ही लिहायला बसणार आणि गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर मिरी वाटणार. सांगून सांगून तोंडाला फेस आला माझ्या.

तिचा एक हट्ट. पुस्तकातली पोरं जे काही करतात, ते हिने आधी स्वतः करून बघितलेलं असतं. एकदा शिडीशिवाय माळ्यावर चढायला गेली आणि पाय मुरगळून बसली. तिच्या वाटच्या युनिफॉर्मना कॉलरी लावायला मी आहेच! पण बरी झाल्यावर तिने ते अख्खं प्रकरण फाडून टाकलं. "मी पडले तर वाचणारं पोरही पडेल," म्हणाली.

तिची पहिली वाचक म्हणजे चिमणी, आमच्या भावाची मुलगी. ते वरच्या मजल्यावर राहतात. शाळेला सुट्टी असली आणि भाऊ-वहिनी कामावर गेले की चिमणी दिवसभर दुकानात आमच्या पायात पायात. ताई तिला प्रत्येक प्रकरण वाचून दाखवते. चिमणीने जांभई दिली की तेवढा भाग उडाला.

या वेळच्या पुस्तकातली मुलगी चोरांचं बोलणं ऐकायला एका लाकडी पेटीत लपते. झाकण पडतं, खटका बसतो आणि ती अडकते. ताईने ते असं लिहिलं होतं की माझाच श्वास कोंडला. मग प्रकाशकांचा फोन आला. "मुलं घाबरतील हो! पालक आमच्या नावाने खडे फोडतील. तिला आपल्या हुशारीने पटकन सुटू दे." ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय! पण ताईला ते पटलं. मुलांना रात्री झोप लागायला हवी, एवढंच तिच्या मनात.

आमच्या आतल्या खोलीत कापडाची तशीच मोठी पेटी आहे. ताईचं एकंदर आकारमान बघता तिचं आत मावणं शक्य नव्हतं. म्हणून तिने झाकण उघडं ठेवलं, बाहेर स्टुलावर बसली आणि केसातली पिन खटक्यात घालून दाबली. खटका सरकला. झालं! पुस्तकातली मुलगी पिनने खटका सरकवून बाहेर आली. चिमणीला हे प्रकरण इतकं आवडलं की तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी मी चिमणीला खायला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. काही नाही.

"वर गेली असेल," ताई म्हणाली. मी वर जाऊन आले. दाराला कुलूप. गच्चीवर नाही, जिन्यात नाही. मी चप्पल न घालताच रस्त्यावर धावले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, समोरच्या सायकलवाल्याला विचारलं. कुणीच तिला पाहिलं नव्हतं. पोर गेली कुठे? भावाला काय सांगू? जीव नुसता टांगणीला लागला होता.

धापा टाकत परत आले तर ताई गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या आडोशाचा पडदा धरून उभी. पडद्यामागे निळ्या कापडाचे तागे, अस्तरं, सगळा ढीग जमिनीवर.

"हे इथे कुणी टाकलं?" मी ओरडले. रागाला दुसरी जागाच सापडत नव्हती.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "हे पेटीतलं आहे," ती म्हणाली. "मशीन बंद कर!"

आमच्या मशीनची मोटर पाय काढला तरी घुंघुं करत राहते. दिवसभर ती कानात असते, म्हणून ऐकूच येत नाही. मी बटण दाबलं. मोटर हळूहळू थांबली. आणि मग आतल्या खोलीतून खरवडल्यासारखा आवाज आला. अगदी बारीक.

आमच्यात आधी कोण धावलं, मला सांगता येणार नाही. ताईने बाहेरचा खटका दाबून झाकण उचललं. आत चिमणी घामाने निथळत होती, ओठ कोरडे, नखं खरवडून सोललेली. मुठीत ताईचीच पिन, पार वाकडी झालेली. झाकण बसल्यावर खटक्यापाशी पिन शिरायला फटच उरत नव्हती. ताईला ते बाहेर स्टुलावर बसून कसं कळणार?

चिमणीने आधी नुसता श्वास घेतला. घेतच राहिली. मग म्हणाली, "पुस्तकात उघडतं ना गं, मोठी आत्या? माझं काय चुकलं?"

"तुझं नाही गं राणी. माझं चुकलं," म्हणून ताई तिला पोटाशी धरून जमिनीवरच बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले, लाजायचं कशाला?

संध्याकाळी भाऊ-वहिनींना ताईने स्वतःच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. वहिनी कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. ताईने पेटीचा खटका स्क्रू काढून फेकून दिला आणि प्रकाशकांना फोन लावला. "पिन काढली मी. पेटी आतून उघडत नाही. हो, घाबरतील! घाबरू देत. छापायचं तर असंच छापा."

मग ते प्रकरण पुन्हा लिहायला बसली, पण गाडी अडली. शेवटी एका दुपारी तिने होतं तेवढंच चिमणीला वाचून दाखवलं. वहिनीही दारात उभ्या होत्या. मुलगी पेटीत हाका मारतेय, झाकण बडवतेय, बाहेर आमच्यासारखंच शिवणाचं मशीन चालू आहे, कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे ताई थांबली.

"पुढे?" चिमणीने विचारलं.

"पुढचं सुचत नाहीये गं," ताई म्हणाली.

चिमणी उठली, मी शिवत होते तिथे आली आणि माझ्या मशीनचं बटण बंद केलं.

"आता ऐकू येईल तिचं," म्हणाली.