बांधाकडची जागा

माझी मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं पुण्याला राहून मानवी हक्कांचा कायदा शिकली. ती नेमकं काय शिकते, हे आमच्या घरात कोणाला धड सांगता यायचं नाही. स्थळ घेऊन पाहुणे यायचे आणि विचारायचे, तेव्हा तिचे पप्पा म्हणायचे, "वकिलीच्या पुढचं करतीय." एकदा एक पाहुणा म्हणाला, "म्हंजी सासरी गेल्यावर पहिली केस सासूवर." सगळे हसले. तीही हसली. मी कप गोळा करून आत गेले.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, पण ओळीखाली बोट धरावं लागतं. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षाला तिला प्रबंध लिहायचा होता. बाकीची मुलं परदेशातल्या निकालांवर लिहिणार होती. ही म्हणाली, "मी आपल्याकडं कांदे लावायला येणाऱ्या बायकांवर लिहिणार."

"त्यात काय लिहिण्यासारखं?" तिचे पप्पा म्हणाले. "आपण काय कोणाला बांधून ठेवतो व्हय?"

"तेच तर बघायचंय, पप्पा."

"बघ. पण आपल्या माणसांना चहा प्यायला येळ राहू दे, न्हाईतर तुझ्या प्रश्नांत वाफा पडून राहायचा."

आमच्या भागात कांद्याची लागण टोळ्या करतात. डोंगराकडची माणसं, आहुप्याच्या अंगाची. तिकडं भात आणि नाचणी निघाली की हाताला काम राहत नाही. मग मुकादम माणसं गोळा करतो आणि पिकअपमध्ये घालून खाली आणतो. शेतकऱ्याशी एकराचं उक्तं ठरतं आणि पूर्ण वावर लावून झालं की टोळीचा हिशोब होतो. तोवर माणसं रिकाम्या बराखीत राहतात, म्हणजे उन्हाळ्यात आम्ही जिथं कांदा साठवतो तिथं.

आमच्याकडं येणाऱ्या टोळीत एक डावरी बाई होती. कांदा लावताना बायका एका ओळीत उकिडव्या बसतात. डाव्या हातात रोपाची मूठ असते आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबायचं. हिचं सगळं उलटं. मध्ये बसली की शेजारणीच्या कोपराला हिचं कोपर लागायचं. म्हणून मुकादम पहिल्याच दिवशी ओरडायचा, "डावरे, बांधाकडं हो." ती हसत उठायची आणि कडेला जाऊन बसायची. तिथून तिचा हात असा चालायचा की मधल्या बायका मागं पडायच्या. त्या म्हणायच्या, "हिला देवानं घाईत घडवली, हात बदलून बसवले." ती म्हणायची, "तुमचे तरी सरळ बसवून काय उजेड पडला?"

चार हंगाम मी तिच्या हातात चहा दिला होता. माझ्या मुलीनं तिला नाव विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते मला माहीत नाही. मुकादमही तिला डावरीच म्हणायचा. टोळीतल्या बायकाही.

मुलगी आधी एकटी तिच्याजवळ जाऊन बसली होती. फोन मध्ये ठेवून प्रश्न विचारले. बाई हो-नाही एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीला मुलगी मला म्हणाली, "आई, तू नुसती येऊन बस." मी गेले आणि लसूण सोलत बसले. बाईनंही पुढ्यातल्या दोन पाकळ्या घेतल्या आणि सोलता सोलता बोलायला लागली. माझ्याशी नाही, मुलीशीही नाही. लसणाशी बोलावं तशी.

आदल्या वर्षी आमची लागण झाल्यावर ही टोळी माझ्या चुलतदिरांकडं गेली होती. त्यांची बराख आमच्या घरातून दिसते. हिचं धाकटं पोर वर गावाला सासूजवळ होतं. त्याला ताप आल्याचा निरोप आला. ती मुकादमाला म्हणाली, मी जाते. मुकादमानं मालकाला विचारलं. मालक म्हणाला, रोप उपटून ठेवलंय, दोन दिवस कळ काढा, वावर झालं की मी स्वतः गाडीनं सोडतो. एक माणूस कमी झाला तर वावर लांबणार, आणि वावर झाल्याशिवाय कोणाचाच हिशोब नाही. टोळीतल्या बायका गप्प बसल्या. हीही बसली.

"गाडीनं सोडलं मग त्यांनी," ती म्हणाली. "बोलल्यापरमाणं सोडलं. पर लेकरू पुरून झालं व्हतं."

मुलीचा हात फोनवरच राहिला. मी सोललेल्या पाकळ्या पुन्हा पुन्हा निवडत होते. मला ते वर्ष आठवत होतं. त्या दोन दिवसांत मी चुलतदिरांच्या घरी तीळगूळ द्यायला गेले होते आणि वावरात बायका लावताना पाहिल्या होत्या. बांधाकडं ही असेलच.

मुलीनं एक कागद काढला. बोललेलं वापरायला संमती आहे, असं त्यावर होतं. तिनं तो वाचून दाखवला.

"माझं नाव न्हाई ना यायचं?" बाईनं विचारलं. "नाव आलं तर मला कोण काम देणार? मुकादम गाडीत घ्यायचा नाय."

"नाव नाही, गाव नाही, मालकाचंही नाव नाही. मी शब्द देते," मुलगी म्हणाली.

"काकी, खरं का?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली. माझी मुलगी खोटं बोलत नाही, आणि तेव्हाही बोलली नाही. बाई आश्रमशाळेत काही वर्षं होती, तिला सही येत होती. तिनं डाव्या हातानं सही केली. आम्ही दोघी बघत होतो.

त्या संध्याकाळी बापलेकीचं वाजलं. तिचं म्हणणं, याला कायद्यात सक्तीची मजुरी म्हणतात. दोरीनं बांधलं तरच सक्ती होते असं नाही, माणसापुढं दुसरी वाट ठेवली नाही तरी ती सक्तीच.

"वाट व्हती की," पप्पा म्हणाले. "रस्ता समोर. एसटी व्हती. कोणी आडवी बैलगाडी लावली नव्हती."

"आणि बाकीच्यांचा हिशोब?"

"तो मुकादमाचा प्रश्न. उपटलेलं रोप वाळलं तर तो कोणाचा प्रश्न? तुझ्या पुस्तकात आहे का त्याचं काही?"

"नाही."

"मग पुस्तक अर्धं आहे."

ती उठली. खोलीत जाऊन लिहीत बसली. मला दोघांचंही म्हणणं कळत होतं आणि त्याचा मला त्रास होत होता. रोप थांबत नाही हे मीही लहानपणापासून बघत आले आहे.

उन्हाळ्यात प्रबंध झाला. इंग्रजीत होता, त्यामुळं घरात कोणी वाचला नाही. तिला चांगले गुण मिळाले. तिच्या सरांनी सांगितलं की यातलं थोडं मराठीत लिही, लोकांपर्यंत जायला पाहिजे. तिनं लिहिलं आणि दिवाळीच्या सुमाराला ते पेपरात छापून आलं. तिचा फोटोही होता. पप्पांनी स्टँडवरून दोन अंक आणले. एक शोकेसमध्ये ठेवला, दुसरा मला दिला.

मी ओसरीत बसून बोट धरून लेख वाचला. छान लिहिला होता, पोराच्या तापाचं आणि गाडीचं सगळं त्यात होतं. कुठंही नाव नव्हतं. आमच्या गावाऐवजी 'बागायती पट्ट्यातील एक गाव' होतं, आहुप्याऐवजी 'डोंगरातील एक वाडी'. मग पुढं होतं, 'डाव्या हाताने लावणी करणारी ही तरुण आई बांधाच्या कडेला बसते, कारण ओळीत तिला जागा नाही.' माझं बोट तिथंच राहिलं.

मुलगी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग पेपर तिच्यापुढं धरला आणि 'डाव्या हाताने' या शब्दांवर बोट ठेवलं.

ती आधी हसली. "आवडलं ना तुला हे वाक्य? सरांनाही आवडलं." मी बोट काढलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आम्हाला शिकवलं होतं, नाव, गाव, वय काढायचं," ती म्हणाली. "मी सगळं काढलं, आई."

मग म्हणाली, "पुण्याच्या बातम्यांचं पान आहे. इकडं कोण वाचतंय?"

दुपारपर्यंत त्या लेखाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर आला होता. अभिनंदन करण्यासाठीच कोणीतरी टाकला होता. खाली फुलं, हात जोडलेले, गावाचं नाव मोठं केलं वगैरे. मग एकानं लिहिलं, ही डावरी कोणाकडं होती राव? त्याच्याखाली काही जणांनी नुसती हसणारी तोंडं टाकली.

चुलतदीर संध्याकाळी आले. पायरीवरच बसले, आत आले नाहीत.

"वहिनी, पाणी द्या," म्हणाले. पाणी प्यायले आणि ह्यांना म्हणाले, "आमचं नाव घातलं न्हाई, उपकार झाले."

"नाव कुठंय तुझं त्यात?" हे म्हणाले.

"पोर गेलं तवा डावरी आणखी कोणाकडं व्हती, भाऊ? सांग की. रोप उपटलेलं व्हतं. मला काय माहीत पोराला इतकं झालंय? मी काय राक्षस आहे? मी माझी गाडी काढली, डिझेल घातलं, घाट चढून सोडलं." त्यांनी रिकामा तांब्या पायरीवर ठेवला. "माझी पोरगी ह्या पोरीला ताई म्हणती. आता ती मला विचारतीय, बाबा हे तुमीच का."

माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली. "काका, मी तुमच्यावर नाही लिहिलं. पद्धतीवर लिहिलंय."

"पद्धत काय बांधावर उभी व्हती का, बाळा? मी उभा व्हतो."

ते उठून गेले. तेव्हापासून त्यांच्या घरचं आमच्याकडं येणं बंद आहे. पण ते जाऊ दे. भावकी आज तुटते, उद्या एखाद्या लग्नात जुळते.

मुलीनं त्या बाईला फोन लावला. नंबर तिच्या शेजाऱ्याचा होता. बऱ्याच वेळानं ती आली. मुलीनं सगळं सांगितलं, माफी मागितली. फोन मोठा करून ठेवला होता, मी ऐकत होते.

"तुमी खोटं न्हाई लिहिलं," बाई म्हणाली. "पर आता फोन नका करू."

हंगाम लागला. टोळी आली, तीच माणसं, तोच मुकादम. बांधाकडं दुसरीच बाई बसली होती, उजव्या हाताची. मुकादम पाणी प्यायला ओसरीजवळ आला तेव्हा मी विचारलं. परक्या माणसाला मी आपणहून काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"तिला आणलं न्हाई, काकी. दोघातिघा मालकांनी आधीच फोनवर सांगितलं, ती असंल तर टोळीच नको. तिच्यापायी पंधरा माणसांची रिस्क कोण घेणार?"

"मग ती काय करते?"

"बसलीय घरी. स्टँडवर मजुरीसाठी उभी राहिली व्हती म्हणं एक-दोन दिस. पर लांबून कळतंय ना. पाण्याची बाटलीसुदिक डाव्या हातात."

मी जेवण वाढताना ह्यांना म्हटलं, "आपल्याकडं तिला बोलवा. आपल्या वावरात कोण नको म्हणणार?"

हे जेवायचे थांबले. मी असं कधी सांगत नाही. मग म्हणाले, "त्याच्या बांधाला आपला बांध. त्याच्या डोळ्यापुढं तिला आणून बसवू? भावकीत राहायचंय का न्हाई आपल्याला?" पुन्हा म्हणाले, "मला वाईट वाटत न्हाई असं समजू नको." आणि भाकरी अर्धी ठेवून उठले.

मुलगी आता पुण्यात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. तिनं सगळे कायदे उलटून पाहिले. कामावरून मारहाण झाली, पैसे बुडवले, डांबून ठेवलं, तर तक्रार करता येते. पण कोणी कामाला बोलावलंच नाही तर कोणाविरुद्ध करणार? बोलावणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हे सांगताना फोनवर तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. तिला पदवी मिळाली त्या दिवसाचा फोटो तिनं मला पाठवला होता. तो काळा झगा घातलेला फोटो तिनं नंतर स्वतःच्या फोनवरून काढून टाकला. माझ्याकडं आहे.

संक्रांतीनंतर मी बहिणीबरोबर वारूळवाडीकडं हळदीकुंकवाला गेले होते. परतताना आम्ही आडरस्त्यानं चालत आलो. एका वावरात लागण चालली होती. टोळी अनोळखी होती, कुठल्या दुसऱ्याच भागातली. ओळीच्या मधोमध एक बाई बरीच मागं राहिली होती. तोंडाला डोळ्यांपर्यंत रुमाल बांधला होता. बाकीच्या पुढं सरकल्या होत्या आणि तिच्यापुढं न लावलेल्या चिखलाचा पट्टा तसाच होता.

"अगं ये, मेंदी लावलीय का हाताला?" पुढची एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पहिल्यांदा रोप बघतीय ती."

बांधावरून मालक म्हणाला, "उद्या हिला आणू नका, मुकादम."

तिनं मूठ उजव्या हातात घेतली, डावा हात रोपाकडं गेला, तिथं थांबला, आणि तिनं मूठ पुन्हा डाव्या हातात घेतली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं एक रोप दाबलं. ते आडवं झालं. तिनं ते काढून पुन्हा लावलं. मग तिनं वर पाहिलं. मी रस्त्यावर उभी होते. आमची नजर मिळाली आणि तिनं खाली घातली.

"कोण गं? ओळखीची आहे का?" बहिणीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि चालायला लागले. थांबले असते तर मालकानं विचारलं असतं, कोण पाहिजे, बाई.

मुलगी दर फोनला विचारते, आई, ती कुठं दिसली का. मी नाही म्हणते. दिसली म्हटलं तर ती पुण्याहून निघून तिला भेटायला येईल.