लोढण्यातला तुकडा

रोज संध्याकाळी बबुत्सा पत्र्याच्या बादलीवर लाकडी पळी बडवायची. बुतुला नावाचं तिचं डुक्कर जिथे असेल तिथून बादलीकडे तोंड वळवायचं आणि धावत सुटायचं. कुंपणातून कुठे शिरता येऊ नये म्हणून गळ्यात अडकवलेलं तिकोनी लाकडी लोढणं कुंपणांवर आपटत यायचं. अबखाज-जॉर्जियन लढाईत नवरा गेला, घराचं छप्पर गेलं, मुलगा जेमाल इंगुरी नदीपलीकडे पळाला. पळीची वेळ मात्र कधी चुकली नाही.

एका संध्याकाळी पुलाजवळच्या शांतिसैनिकांच्या चौकीवर कुणीतरी ग्रेनेड डागला. एका सैनिकाचा पाय जायबंदी झाला, सुपाचं पातेलं उडालं. उरलेल्यांनी घाबरून अंगण झाडलं आणि सगळा पुरावा नदीत लोटला. एकच तुकडा राहिला. तो त्या वेळी चौकीजवळून धावणाऱ्या बुतुलाच्या लोढण्यात समोरून रुतला होता.

सकाळी तिघे आले. शांतिसेनेचा रशियन कप्तान, या काठचा अबखाज अधिकारी अस्तामुर आणि त्या काठचा जॉर्जियन मेराब.

"आजी, स्फोट झाला तेव्हा डुकराचं तोंड कुठे होतं?" कप्तानाने विचारलं.

"डोक्यालाच होतं की, लेकरा."

"नदीकडे असेल तर मारा पलीकडून झाला," अस्तामुर म्हणाला.

"आणि गावाकडे असेल तर गावातून," मेराब म्हणाला. "नीट आठव, मावशी."

बबुत्साला नीट आठवत होतं, पण सांगायचं कसं? नदी म्हणावं तर पलीकडे धरपकड, आणि त्यात पहिला जेमाल. गाव म्हणावं तर शेजाऱ्यांची उरलीसुरली छप्परंही जळणार.

"माझ्यापेक्षा त्यालाच विचारा ना," ती म्हणाली. "न्या चौकीपाशी, उभं करा. त्याची जागा ते ओळखतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरा साक्षीदार कुणाकडेच नव्हता.

बुतुलाला चौकीपाशी उभं केलं. अस्तामुरने कान धरले, मेराबने शेपूट, कप्तान होकायंत्र घेऊन चिखलात गुडघ्यांवर बसला. बबुत्सा बादली घेऊन नदीच्या बाजूला गेली आणि पळी वाजवली. तोंड नदीकडे.

"लिहा!" अस्तामुर ओरडला.

ती संथपणे गावाच्या बाजूला आली. पळी. तोंड गावाकडे.

"खोडा ते! गाव लिहा!" मेराबने शेपूट सोडून टाळी वाजवली.

बबुत्सा चालत राहिली. चौकीला तिने पुरे तीन फेरे घातले. बुतुला जागच्या जागी फिरत होतं, कानाला अस्तामुर लोंबकळत होता, कप्तानाच्या हातातली सुई थरथरत होती.

"आजी, काल संध्याकाळी तू नक्की कुठे उभी होतीस?" कप्तानाने दमून विचारलं.

"उभी कुठली? याच कुंपणाभोवती फिरत होते. रोजच फिरते."

कप्तानाने कपाळावरचा चिखल पुसला आणि अहवालात लिहिलं: मारा सर्व दिशांनी. तिघांनी सह्या केल्या. अशा कागदावर कुणाला धरता येत नव्हतं.

निघताना कप्तानाने लोढणं सोडवून पुरावा म्हणून काखोटीला मारलं. बबुत्सा फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली.

"तुकडा तेवढा उपटून घे रे, लोढणं राहू दे. नाहीतर हे आजच शेजारणीच्या मक्यात शिरेल."