आत्याची अकरा मुलं

आम्ही शर्टाच्या कारखान्यात कामाला होतो. आत्या आम्हाला आमच्या नावानं कधीच हाक मारायची नाही. मी कॉलर शिवायचे म्हणून कॉलरवाली. शेजारची काजं करायची, ती काजवाली. शिवाय एक इस्त्रीवाली, एक बाहीवाली. नव्या सुपरवायझरबाईंना तर तिनं पहिल्याच दिवशी 'घड्याळवाली' करून टाकलं होतं.

ती खरं म्हणजे कुणाचीच आत्या नव्हती. तिचा नवरा कारखान्याच्या बॉयलरवर होता. तो गेल्यावर मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. नवरा असताना एकदा ती त्याचा डबा घेऊन आली, तर एका मशीनखाली खोक्यात तान्हं मूल झोपलेलं. पापण्यांवर कापडाचा भुगा. आत्यानं कुणाला न विचारता ते उचललं, "सुटलीस की घेऊन जा," एवढंच त्याच्या आईला म्हणाली आणि घरी चालू लागली. तिचं पाळणाघर सुरू झालं ते असं.

माझी मुलगी सहा महिन्यांची झाली आणि रजा संपली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा टेम्पोवर. मोठ्या रस्त्यावरच्या पाळणाघराची फी ऐकून मी जिन्यातूनच परत फिरले होते. निम्म्याहून जास्त पगार तिथंच गेला असता. आत्या मात्र देईल ते घ्यायची, न दिलं तरी विचारायची नाही. पण जागा दोनच खोल्या आणि माझी धरून मुलं अकरा. बारावं घ्यायला ती तयार नव्हती. "माझे डोळे दोनच आहेत," म्हणायची. बाहीवालीला तिच्याकडे जागा मिळाली नाही, तिनं काम सोडलं. आमच्या ओळीत अशी सात मशीनं बंद पडून होती.

त्याच वर्षी सरकारची योजना आली. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या पाळणाघराच्या फीतले तीन हिस्से सरकार भरणार, एक हिस्सा आपण. शिवाय मदतनीस ठेवायला आणि जागा वाढवायलाही पैसे. अट एकच, पाळणाघर नोंदलेलं हवं. आम्ही चौघींनी मिळून आत्याचा अर्ज भरला. तिनं अंगठा उठवला.

पाहणीला सरकारी मॅडम आल्या त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ठमीला पाजायला गेले होते. ठमी म्हणजे माझी मुलगी. नाव आत्यानंच ठेवलेलं. मॅडमनी खिडक्या पाहिल्या, पाण्याचा पिंप पाहिला, मोरी पाहिली. मग म्हणाल्या, "रोजची नोंदवही द्या."

"कसली नोंद?" आत्यानं विचारलं.

"कोणतं मूल किती जेवलं, किती झोपलं, आजारी होतं का. रोज लिहायचं असतं."

"मला लिहिता येत नाही, मॅडम."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या काही वाईट नव्हत्या. चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांनाही बरं वाटत नाहीये. "मग कसं जमणार?" त्या म्हणाल्या.

"विचारा ना," आत्या म्हणाली. "लिहिलं नाही म्हणून माहीत नाही, असं थोडंच आहे?"

मॅडमनी कोपऱ्यातल्या एका गुटगुटीत पोराकडे बोट दाखवलं.

"हा पैलवान. काल दीड वाटी भात, दुपारी पाऊण तास झोप. डावीकडची दाढ येतेय म्हणून उजवीकडूनच चावतो. तो पलीकडचा वकील, वाद घातल्याशिवाय दूध पीत नाही. सोमवारी अंग कोमट होतं, मंगळवारी उतरलं. त्याची आई सुटीला घरी आहे की कामावर, ते त्याच्या झोपेवरून कळतं."

ती बोलत राहिली. परवाचं, तेरवाचं, गेल्या आठवड्याचं. मॅडमनी टोपण कधी काढलं ते माझ्या लक्षात आलं नाही, पण अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या भराभर लिहीत होत्या. मी माझ्याच मुलीची आई, मला परवा ती किती जेवली ते सांगता आलं नसतं. आणि ही बाई अकरा मुलांचे दिवस असे उलगडत होती, जणू घडी घातलेले कपडे एकेक काढून दाखवतेय.

"आणि ही?" मॅडमनी ठमीकडे पाहिलं.

आत्या पहिल्यांदा थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कॉलरवाली, तुला आज संध्याकाळी सांगणारच होते. पुरती खात्री करत होते. हिला ऐकू येत नाही."

मी एकदम भडकले. "काहीतरीच काय बोलतेस, आत्या? हसते, खेळते, हाक मारली की बघते माझ्याकडे!"

"समोर असलीस की बघते. दार धाडकन लागलं की दहा पोरं दचकतात, ही नाही. पाठीमागून सावली पडली की मात्र वळते."

मॅडम उठल्या. ठमीच्या मागे जाऊन त्यांनी पातेल्यावर झाकण आदळलं. पैलवानानं भोकाड पसरलं. ठमी दोरीत ओवलेली बटणं शांतपणे ओढत राहिली. मग आत्यानं फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटली, तशी ठमी वळली आणि आत्याकडे बघून खुदकन हसली.

मी तिला उचललं आणि कामावर न जाता थेट घरी आले. नवरा आणि मी तिच्या मागे ताटं वाजवत राहिलो. तो वाजवायचा, मी तिचा चेहरा बघायचे. शेवटी तो ताट खाली ठेवून भिंतीला टेकून बसला.

इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "दहाव्या महिन्यात आलात, फार बरं झालं. लोक दोन-दोन वर्षांनी येतात, मूल बोलत नाही म्हणून. ओळखलं कुणी?"

"पाळणाघरातल्या आत्यानं."

"काय शिकल्यात त्या?"

"दुसरीत शाळा सुटली."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला.

तिकडे मॅडमनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. नोंद ठेवली पाहिजे असं त्यात होतं. ती कुणाच्या हातची हवी, ते नव्हतं. तेव्हा लिहायला आम्ही आळीपाळीनं बसायचं ठरलं. नोंदणीसाठी लागणारं प्रशिक्षण मात्र आत्याला सुटलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी ती दर शनिवारी विशीतल्या पोरींबरोबर बाकावर बसायला लागली. काजवालीनं सुट्टीत तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली. परीक्षेत तोंडी भागाला परीक्षकच तिला प्रश्न विचारत बसले, वेळ संपून गेल्यावरसुद्धा. लेखी भागात ती काठावर पास झाली.

मंजुरी आली. शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या, दोन मदतनीस आल्या, मुलं बावीस झाली. फी ठरली, पण त्यातला चौथा हिस्साच आम्ही भरायचा. एका सकाळी मी कामावर गेले तर बाहीवाली तिच्या जुन्या मशीनवर तेल घालत होती. महिनाभरात सातही मशीनं चालू. त्या आवाजानं माझे हात थांबले. हे एवढं सगळं त्या मागच्या खोलीतून आलं होतं.

ठमीच्या कानांना यंत्रं बसवली ती पंधराव्या महिन्यात. आत्या बरोबर आली होती. यंत्र चालू झालं तेव्हा आत्या, "अगं ठमे," एवढंच म्हणाली. ठमीचे डोळे मोठे झाले. रडली नाही, हसली नाही. हात पुढे करून तिनं आत्याच्या ओठांना बोटं लावली आणि तशीच धरून ठेवली.

आता ठमी चौथीत आहे. इतकी बोलते की नवरा विचारतो, आवाज कमी करायचं बटण द्यायला विसरले का. मॅडम नव्या मुलींना शिकायला आत्याकडे पाठवतात. गेल्या बुधवारी मी डोकावले, तर चांगल्या शिकलेल्या सहा मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. वह्या मांडीवर तशाच, कुणीच लिहीत नव्हतं. आत्या एका नव्या बाळाला पायांवर घेऊन बसली होती आणि त्याच्याकडे नुसती बघत होती.