एकाच पक्षाचे दोन मेहुणे

दोघे एकाच पक्षाला मत देतात, म्हणून मी माझ्या दोन्ही मेहुण्यांना एकाच गाडीत बसवलं.

बायकोचा बेत वेगळा होता. थोरला डलासहून आणि धाकटा फ्लोरिडाहून, दोघेही सकाळी फ्रँकफर्टला उतरणार होते. एकाला मी गाडीने ड्रेस्डेनला आणायचं, दुसऱ्याने रेल्वेने यायचं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्यांचं मागणं एकच होतं: पूजेला दोन मुलगे दोन बाजूंना बसलेले हवेत. सासरे गेल्यापासून ते दोघे एका खोलीत आले नव्हते.

"निवडणुकीपासून दोघं फोनवरसुद्धा नीट बोलत नाहीत," बायको म्हणाली.

मी हसलो. "अगं, दोघंही कट्टर उजवे. भांडायला समोर डावा नको का?" आणि रेल्वेचं तिकीट रद्द करून टाकलं. माझं अमेरिकेच्या राजकारणाचं ज्ञान जेवताना पाहिलेल्या क्लिपांवर पोसलेलं आहे. तेही आवाज बंद ठेवून, कारण घरात जेवताना आवाज चालत नाही.

थोरला पुढे बसला, धाकटा मागे. हवापाण्याच्या गप्पा चालू होत्या, तेवढ्यावर भागलं असतं. पण शांतता मला सोसत नाही. आउटोबानला, म्हणजे इथल्या हायवेला, लागल्यावर मी म्हणालो, "बरं आहे, आपल्या गाडीत राजकारणावरून वाद नाही. कसं चाललंय तुमच्या पक्षाचं?"

"कोणाच्या पक्षाचं?" मागून आवाज आला.

थोरल्याने सीटबेल्ट सारखा केला. तेवढ्यात डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या आणि दोघेही एका सुरात त्यांच्यावर तुटून पडले. सरकारी पैशाची उधळपट्टी, डाव्यांची थेरं, जर्मनी बुडणार. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत राहिलो. मनात म्हटलं, बायकोला उगाच काळजी.

मग उजव्या लेनमध्ये पूर्वेकडे निघालेला अमेरिकी लष्कराच्या ट्रक्सचा ताफा लागला.

"बघा," धाकटा म्हणाला, "आमच्या टॅक्सवर यांची राखण."

"तुला राखणीतलं काय कळतं?" थोरला मागे न वळता म्हणाला. "आपण मागे सरकलो की तिथे दुसरा कोणीतरी येऊन बसतो. पक्ष चाळीस वर्षं हेच सांगत आला."

"तो पक्ष संपला, दादा. युद्धं लोकांच्या पोरांनी लढायची आणि नोकऱ्या बाहेरून आणलेल्यांनी खायच्या! तुझ्यासारख्यांना आम्ही आता बाहेर काढतोय."

"आम्ही म्हणजे कोण? तू परवा आलास रे पक्षात."

दोघेही स्वतःला घरमालक समजत होते आणि समोरच्याला पोटभाडेकरू. गाडी एकशे साठच्या वेगात होती. मी मध्यस्थी केली. "तसं बघितलं तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

"कुठलं तथ्य?" दोघे एकदम म्हणाले. मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

थोरल्याची डलासमध्ये कन्सल्टन्सी आहे, पुण्याची मुलं कामाच्या व्हिसावर नेऊन तो कामाला लावतो. धाकट्याच्या मते हे व्हिसे उद्याच्या उद्या बंद व्हायला हवेत.

"तू स्वतः कोणाच्या व्हिसावर आलास?" थोरल्याने आवाज चढवला नाही, हेच जास्त वाईट होतं. "माझ्या कंपनीच्या. आणि आता पक्षवाल्यांच्या ज्या ऑनलाइन ग्रुपमध्ये तू रोज अंगठे देतोस ना, तिथे लोक आपल्या भारतीयांना काय म्हणतात ते वाचलंय मी. देवांना काय म्हणतात तेही. उद्या आईच्या पूजेचा फोटो टाक तिथे. बघू किती अंगठे येतात."

मग धाकटा म्हणाला, "भाऊजी, गाडी थांबवा."

पुढच्या रास्टश्टेटेला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, मी गाडी घेतली. त्याने डिकीतून बॅग काढली. टॅक्सी करून जवळचं स्टेशन गाठतो, तिथून परत फ्रँकफर्ट, आईला काय ते तुम्ही सांगा, असं म्हणाला. पाऊस भुरभुरत होता. तो पत्र्याच्या छपराखाली टॅक्सीचा नंबर शोधत उभा राहिला आणि थोरला बॉनेटला टेकून दुसरीकडे बघत.

मी बायकोला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "तिकीट कोणी रद्द केलं?" तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन सासूबाईंच्या हातात गेला.

"पोचलात का हो कुठे? द्या जरा पोरांना."

मी फोन थोरल्यापुढे धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे.

"हो आई. कॉफीला थांबलोय. तो? तो रांगेत उभा आहे. हो, जेवलाय. विमानातलं नाही आवडलं त्याला, तुला माहितीये. हो, बरोबरच येतोय आम्ही."

छप्पर चार पावलांवर होतं, धाकट्याला सगळं ऐकू गेलं. नंबर शोधणारा त्याचा अंगठा थांबला. थोड्या वेळाने त्याने बॅग परत डिकीत टाकली, ती इतक्या जोरात की गाडी हादरली. कोणी कोणाची माफी मागितली नाही. ड्रेस्डेनपर्यंत गाडीत फक्त वायपर बोलत होता, आणि आयुष्यात प्रथमच मी त्याला साथ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजेला दोघे बसले, सासूबाईंच्या उजवीडावीकडे, गच्च मिटलेल्या तोंडांनी. औक्षण झालं. मी नमस्काराला वाकलो तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, माझी पोरं भांडली की घर डोक्यावर घेतात. अशी गप्प बसलीत म्हणजे मध्ये कोणीतरी तिसऱ्याने तोंड घातलंय. आणि या घरात तेवढं तोंड तुमचंच आहे."