सहा हार, एक सर्व्हर

खंडेनवमीचं ते प्रकरण आठवलं की आजही हसू येतं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटते.

मी तेव्हा कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. सणाच्या सकाळी एक कारखानदार झेंडूचे हार घेऊनच ठाण्यात आले.

"साहेब, पूजेला सहा हार आणलं, आन् खोलीत सर्व्हर एकच! पाच चोरीला गेलं!"

सर्व्हर म्हणजे ज्यांच्यावर अख्ख्या कारखान्याचं काम चालतं ते मोठे कॉम्प्युटर, एवढं मला ठाऊक होतं.

कारखान्याच्या वॉचमनने खबर दिली. सर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअर मॅडमनी पंधरा दिवसांपूर्वी टेम्पोतून मशीन हलवली होती. कारखानदारांच्याच कागलच्या गोदामात पाचही सापडली. मला वाटलं, मिटलं. पण कारखानदारांनी एक सुरू करून पाहिलं आणि ओरडले, "ही तर रिकामी! आतला माल काढला की हिनं!"

मॅडमना चौकशीला बोलावलं. घरातली पहिली पदवीधर, मीही तसाच. सरकारी नोकरीसाठी तिच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच.

महिला हवालदारांनी विचारलं, "आतलं कुठं ठेवलंस, पोरी?"

"सहाही चालू हायत, बाई. त्या एकाच मशीनमध्ये, म्हणून रिकामी पाच गोदामात ठेवली. सॉफ्टवेअरनं त्याचे सहा भाग केलेत. प्रत्येक भाग स्वतःला अख्खा कॉम्प्युटर समजतो."

"आमच्या ठाण्यातबी तसंच हाय की. शिपाई एक, ड्युट्या सहा!"

मी हसलो, पण शंका फिटली नाही. चोरी झाली की कुणाचं तरी काम अडतं. कारखानदारांना विचारलं, "पंधरा दिवसांत काय बंद पडलं?" ते म्हणाले, "बंद तर कायबी पडलं न्हाई."

आम्ही सगळे सर्व्हरच्या खोलीत गेलो. मी मॅडमना सहापैकी एकच भाग बंद करायला सांगितला. दोन मिनिटांत गेटवरून कारखानदारांना फोन, "मालक, हजेरी बंद पडली!" बिलं मात्र शेजारी छापली जातच होती.

"चालू कर, बाई, चालू कर!" कारखानदारच ओरडले. तक्रार तिथेच मागे घेतली.

ठाण्यात परतून मी पडताळणीचा अर्ज पुढे ओढला. कारखानदार खुर्ची सरकवून जवळ आले. "साहेब, ही गेली तर माझं सहाच्या सहा कोण बघणार? सही जरा दिवाळीनंतर करा की."

त्यांच्यादेखतच 'आक्षेप नाही' असा शेरा लिहून मी सही केली. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीला गुन्हा म्हणायची घाई खाकीलाही होते. मी शिकलेला माणूस, तरी त्या सकाळी कोरा एफआयआर समोर घेऊन बसलो होतो.